खडा निघाला, नोंद राहिली

वैद्यकीय महाविद्यालयाची माहितीपुस्तिका चाळली की ‘संशोधन सुविधा’ या मथळ्याखाली बहुधा यंत्रांची यादी भेटते. युरॉलॉजी विभाग असेल तर होल्मियम लेसर, लवचिक दुर्बीण, लिथोट्रिप्सीचे यंत्र, युरोडायनॅमिक्सची खोली, आणि ऐपत असेल तिथे रोबो. यादी खोटी नसते, पण ती उपचाराच्या सामानाची असते. लेसर खडा फोडतो. तो खडा आटपाडीच्या माणसाला का झाला, एकाच घरातल्या त्याच्या भावाला का झाला नाही, आणि तीन वर्षांनी तो पुन्हा होईल का, हे लेसरला विचारून उपयोग नसतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत युरॉलॉजीच्या संशोधनाला पुरतील एवढे अस्सल प्रश्न आहेत. जगातल्या मोठ्या विद्यापीठांना हेवा वाटावा असे त्यातले काही आहेत. त्यांची उत्तरे शोधायला सर्वांत आधी जी सुविधा लागते ती कोणत्याही कंपनीच्या यादीत मिळत नाही. रुग्ण घरी गेल्यावरही चालू राहणारी नोंद, ही ती सुविधा. विभागाकडे ती असेल तर साध्या सामानावरही मोलाचे संशोधन होते. ती नसेल तर कोट्यवधींचे यंत्र फक्त ऑपरेशनांची संख्या वाढवते. इथे कोणत्या एका महाविद्यालयाचा पंचनामा करायचा नाही. अशा भागातल्या विभागाने संशोधन म्हणजे काय समजावे, एवढाच मुद्दा आहे.

या भागाला वैद्यकाची परंपरा नवी नाही. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शाळा निघाली. पुढचे काम रेल्वे जंक्शनने केले. अथणी, चिकोडी, विजापूर, सांगोला, पंढरपूर अशा सगळ्या बाजूंनी रुग्ण मिरजेला येऊ लागले आणि आजही येतात. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८४ मध्ये कराडला कृष्णा, पुढे सांगलीत भारती विद्यापीठाचे आणि अलीकडे साताऱ्यात सरकारी महाविद्यालय. ‘मिरजेला जा’ हा सल्ला चार पिढ्यांनी ऐकला आहे. पण ‘मिरजेत असे आढळले’ हे वाक्य जगाच्या वैद्यकात किती वेळा लिहिले गेले, हा प्रश्न विचारला की आपण थोडे गप्प होतो. रुग्ण आले, बरे झाले, गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्यापासून शिकता येण्यासारखे सगळेही गेले.

नकाशाकडे पाहा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळा आणि पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. भाषा तीच, भाकरी तीच, नात्यागोत्यांचे धागेही बऱ्याचदा तेच. बदलते ते पाणी, ऊन आणि काम. रोगाचे कारण शोधणाऱ्याला असेच तर हवे असते: बाकी बरेचसे सारखे आणि एखादीच गोष्ट वेगळी. त्यात गेल्या काही दशकांत टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी गावांत नेले. एका गावात पाणी पोहोचले, शेजारच्या गावात काही वर्षे उशिरा, आणखी पुढच्या गावात अजून नाही. हा प्रयोग कोणा शास्त्रज्ञाने आखलेला नाही, तरी तो घडला. पाणी येण्याआधी आणि आल्यावर त्या गावांत मुतखड्याचे काय झाले, हे कोणी मोजत राहिले असते तर केवढे काही कळले असते.

कारण या विषयात आपल्याकडे मते पुष्कळ आहेत आणि मोजमाप थोडे. ‘बोअरच्या जड पाण्याने खडा होतो’ हे दुष्काळी पट्ट्यात कोणीही छातीठोकपणे सांगेल. म्हणून गावोगाव नाणे टाकून शुद्ध पाण्याचा जार भरून देणारी यंत्रे आली. जगभरच्या अभ्यासांत पाण्याच्या कठीणपणाचा आणि खड्याचा संबंध मात्र तितका ठाम दिसत नाही. ठाम दिसतो तो पाण्याच्या मापाचा संबंध. इटलीत पार्मा इथे लोरिस बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला तसे काही सांगितले नाही. पाच वर्षांनी पहिल्या गटात ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्यात १०० पैकी २७ जणांना. १९९६ मध्ये छापलेला हा निबंध आजही मुतखड्यावरच्या मार्गदर्शक सूचनांच्या मुळाशी आहे. त्याला लागले काय? लघवी मोजायचे भांडे, साधी रक्त-लघवी तपासणी, आणि पाच वर्षे रुग्णांचा पत्ता न सोडण्याची चिकाटी. यातली पहिली दोन साधने कोणत्याही तालुक्यात मिळतील. तिसरे मिळवण्यासाठी विभाग उभारावा लागतो.

याच गटाने २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कॅल्शियम कमी करायला, म्हणजे दूधदुभते तोडायला सांगितले. उरलेल्यांना कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि प्राणिज प्रथिने कमी करायला सांगितली. पाच वर्षांत दूध तोडलेल्यांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात १२ जणांना. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते, ते लघवीत उतरू देत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण. आता सांगली जिल्ह्याकडे या. भिलवडीच्या चितळ्यांच्या दुधावर आणि गावोगावच्या दूध संस्थांवर इथली कितीतरी घरे उभी आहेत, आणि इथेच खडा निघाल्यावर पहिला सल्ला मिळतो: दूध बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. शेंगदाण्याच्या कुटात घातलेले मीठ, पापड, लोणचे, खारवलेले पदार्थ यांचे नाव मात्र क्वचितच निघते. इटालियन माणसाचे जेवण वेगळे, आपले वेगळे, हे खरेच. म्हणून तर भाकरी, पिठले, ठेचा आणि ताक यांच्यावर तोच प्रयोग इथे व्हायला हवा. पार्माचा निष्कर्ष आंधळेपणाने उचलणे आणि आजीचा सल्ला आंधळेपणाने चालवणे, दोन्हींत आळस सारखाच आहे.

आजीच्या सल्ल्यातही तपासण्यासारखे बरेच आहे. माणदेशात हुलग्याचे माडगे हे जेवणही आहे आणि मुतखड्यावरचे औषधही. पाषाणभेद, गोखरू, वायवर्णा, पानफुटी यांची नावे प्रत्येक घरात निघतात. हुलग्याचे पाणी खडा विरघळवते, असे म्हणणारे हजारो सापडतील. पण लहान खडा पुष्कळदा आपोआपच पडतो. त्यामुळे पडलेल्या खड्याचे श्रेय हुलग्याला की वाट पाहण्याला, हे दोन गट केल्याशिवाय ठरत नाही. सांगलीत हळदीची देशातली एक मोठी बाजारपेठ आहे. अमेरिकेत २००८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात काही आठवडे हळदीचा पूरक आहार घेणाऱ्यांच्या लघवीतले ऑक्झलेट वाढलेले आढळले. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि औषध म्हणून रोज चमचाभर खाल्लेली हळद वेगळी. पण ज्या गावात हळद पिकते, दळली जाते आणि हल्ली ‘आरोग्यासाठी’ दुधातूनही घेतली जाते, त्या गावाचा युरॉलॉजिस्ट हा प्रश्न विचारणार नसेल तर तो कोण विचारणार?

अर्थात यातले काहीही तपासायचे तर खडा कशाचा आहे ते आधी कळायला हवे. नेमकी तिथेच गाडी अडते. ऑपरेशननंतर खड्याचे तुकडे छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जातात. ते पाहुण्यांना दाखवले जातात, काही दिवस फडताळात राहतात आणि मग फेकले जातात. हल्ली लेसरने खड्याची भुकटी करून ती पाण्याबरोबर वाहू देण्याची पद्धत रूढ होते आहे. रुग्णाला ती सोयीची, पण तपासायला मागे काही उरत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, हे पुस्तकात आहे. पण युरिक आम्लाचा खडा लघवी अल्कधर्मी ठेवणाऱ्या औषधाने विरघळू शकतो आणि जंतुसंसर्गातून झालेल्या खड्याचा मार्ग आणखी वेगळा. आपल्या भागात यांचे प्रमाण किती, ऊसपट्ट्यात किती आणि दुष्काळी पट्ट्यात किती, हे पुस्तकात सापडणार नाही. ते इथल्याच खड्यांतून मोजावे लागेल.

त्यासाठी लागणारे यंत्र दूर नाही. खड्याचे रासायनिक पृथक्करण अवरक्त वर्णपटमापीने होते, आणि ते यंत्र रसायनशास्त्राच्या चांगल्या विभागात असते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे, रयत शिक्षण संस्थेची विज्ञान महाविद्यालये आहेत, सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय आहे. एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी प्रकल्प हवा असतो आणि युरॉलॉजी विभागाला दरवर्षी शेकडो खडे तपासून हवे असतात. या दोघांची गाठ घालून द्यायला निविदा लागत नाही, एक करार आणि एक जबाबदार माणूस लागतो. संशोधनाच्या किती संधी नुसत्या या गाठीअभावी वाया जातात, याचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही.

आता स्टेंटचे पाहू. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. काही आठवड्यांत ती काढायची असते. ती तशीच राहिली तर तिच्यावर क्षार चढतात, ती दगडासारखी होते, आणि कधी कधी एका साध्या नळीपायी मूत्रपिंड गमवावे लागते. देशभर युरॉलॉजिस्ट या ‘विसरलेल्या स्टेंट’विषयी बोलतात. इथे तो विसरला जाण्याची कारणे इथल्या जगण्यातच आहेत. विटा, खानापूर, आटपाडी भागातला सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यातला माणूस दिवाळीत किंवा जत्रेला गावी येतो, ऑपरेशन करून घेतो आणि केरळ, तमिळनाडू किंवा पंजाबातल्या आपल्या दुकानी परत जातो. ऊसतोड मजूर हंगाम सुरू होताच निघतो. दुखायचे थांबले की नळीची आठवण कोणाला राहणार?

यावर उपाय म्हणजे स्टेंटची नोंदवही. प्रत्येक स्टेंटची तारीख, रुग्णाचा आणि घरातल्या आणखी एकाचा फोन, मुदत संपायच्या आधी आठवण, फोन लागला नाही तर गावच्या आशा ताईला निरोप. हे रुग्णसेवेचे काम आहे. पण फोनवर आठवण दिल्याने जास्त लोक येतात की आशा ताईच्या भेटीने, हे दोन गट करून तपासले की तेच काम संशोधन होते. त्याचे उत्तर देशातल्या प्रत्येक युरॉलॉजी विभागाला उपयोगी पडेल. ‘आमच्याकडे रुग्णांची एवढी गर्दी, संशोधनाला वेळ कुठला?’ हा आक्षेप मी नाकारत नाही. बाह्यरुग्ण विभागात दिवसभर उभा असलेला शल्यचिकित्सक संध्याकाळी तक्ते भरत बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तक्ते भरायला पगारी माणूस हवा. रोबोच्या किमतीपुढे त्याचा पगार नगण्य आहे, आणि तरीही अंदाजपत्रकात रोबोला जागा सापडते, त्या माणसाला सापडत नाही. गर्दीची सबब खरी आहे. ती नोंद ठेवणाऱ्याला नेमण्याच्या बाजूची सबब आहे, एवढेच आपण विसरतो.

कामधंद्यातून येणारे प्रश्न याहूनही मोठे आहेत. गलाईचा कारागीर भट्टीच्या धगीत आणि आम्लाच्या वाफेत तासन्‌तास बसतो. उष्ण कामात घाम वाहून लघवी कमी आणि दाट होते, खड्याचा धोका वाढतो, हे काचकारखान्यातल्या कामगारांवर इटलीतच १९९३ मध्ये दाखवले गेले आहे. आपल्या गलाईवाल्यांचे असे मोजमाप कोण करणार? मूत्राशयाच्या कर्करोगाचा आणि व्यवसायाचा संबंध फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये मांडला. त्यांच्याजवळ काही विशेष यंत्र नव्हते. मूत्राशयाच्या गाठी घेऊन येणारे काही रुग्ण एकाच रंगाच्या कारखान्यात काम करतात, हे त्यांनी लक्षात ठेवले. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे कीटकनाशकाच्या कारखान्यातल्या कामगारांना आपापसांत बोलताना जाणवले, की आपल्यापैकी अनेकांना मूलच होत नाही. तपासणीत त्यांच्या वीर्यातल्या शुक्राणूंवर डीबीसीपी या रसायनाचा परिणाम झाल्याचे निघाले. तासगाव, पलूस, मिरज या द्राक्षपट्ट्यात वर्षानुवर्षे औषधे फवारणारे हजारो पुरुष आहेत. त्यांच्यात असे काही आहे, असे मी म्हणत नाही. आहे की नाही, हे विचारले गेले पाहिजे आणि ते विचारणे वंध्यत्वाचे काम करणाऱ्या युरॉलॉजी विभागाचे आहे, इतकेच म्हणतो. केसपेपरवर ‘व्यवसाय: शेती’ एवढेच लिहून थांबणारा विभाग हा प्रश्न कधीच पाहू शकणार नाही.

ऊसतोडीच्या फडातल्या बाईचा प्रश्न तर विभागाच्या दारापर्यंत पोहोचतही नाही. पहाटे काळोखात निघायचे, दिवसभर उन्हात मोळ्या बांधायच्या, आडोसा नाही म्हणून लघवी धरून ठेवायची, आणि धरावी लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली, ती योग्यच होती. त्यांच्या मूत्रमार्गाच्या संसर्गाची, खड्यांची, मूत्रपिंडाच्या कार्याची चर्चा त्यामानाने झालीच नाही. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड मजुरांमध्ये तरुण वयातच मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण पाहून तिथे पाणी, विसावा आणि सावली यांचे प्रयोग झाले. कृष्णाकाठी उसाचे राज्य आहे, बरेच कारखाने सहकारी आहेत, त्यांचे अध्यक्ष बऱ्याचदा शिक्षणसंस्थांचेही चालक असतात. मजुरांच्या तळावर फिरत्या शौचालयाचा गाडा आणि पाण्याची टाकी नेऊन, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासणी करून फरक मोजणे, हे त्यांच्यासाठी अवघड नाही. अडचण असलीच तर निष्कर्ष गैरसोयीचा निघेल अशी भीती ही आहे. म्हणूनच संशोधन करणाऱ्याला निष्कर्ष छापण्याचे स्वातंत्र्य लेखी मिळाले पाहिजे. तीही एक सुविधाच आहे.

लहान गावात राहून जगाला उपयोगी पडेल असे काम होत नाही, हा न्यूनगंड महाराष्ट्रात तरी कोणी बाळगू नये. महाबळेश्वरचा घाट उतरला की खाली महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्ररात्र बसून लक्षणे टिपली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. विंचवाने मरणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते, ते १ टक्क्याच्या घरात आले. प्राझोसिन ज्या कुळातले औषध आहे त्याच कुळातली औषधे आज वाढलेल्या प्रोस्टेटसाठी युरॉलॉजिस्ट रोज लिहून देतात. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालू आहे. त्या अनुभवाच्या पायावर शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तपासणीविषयीचे जगाचे धोरण बदलायला कारणीभूत ठरला. हे नुसते पुण्या-मुंबईत बसून झाले नाही. गावागावांत जाऊन नोंद ठेवणाऱ्या माणसांमुळे झाले.

उस्मानाबादच्या त्याच अभ्यासावर पुढे टीकाही झाली, आणि ती इथे झाकून ठेवणे बरोबर नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, त्यांना नेहमीच्या सेवेवर सोडले गेले. गरीब भागात असे करणे नैतिक आहे का, असा टीकाकारांचा प्रश्न होता. हा प्रश्न सातारा-सांगलीत आणखी टोकदार होईल, कारण इथला रुग्ण डॉक्टरला नाही म्हणत नाही. अंगठा उठवून घेतलेली संमती कायद्याला पुरते, विवेकाला पुरत नाही. नैतिकता समिती कागदावर असणे वेगळे आणि तिच्यात गावचा एखादा माणूस बसून ‘यात आमचा काय फायदा?’ असे विचारणे वेगळे. संशोधनाचा निष्कर्ष ज्यांच्यावर काम झाले त्यांना मराठीत, त्यांच्या गावात सांगितला जाईल, अशी अट पहिल्याच पानावर असावी. मुंबई-पुण्याच्या किंवा परदेशच्या प्रयोगशाळांना नमुने पाठवताना निबंधावर इथल्या माणसांचे नाव असेल, हेही त्याच पानावर लिहून घ्यावे. नाहीतर रुग्ण आमचे, रक्त आमचे आणि ज्ञान त्यांचे, असा हिशेब होतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. लघवीचे भांडे, फोन आणि नोंदवही यांचे गुणगान म्हणजे लहान शहरांनी स्वस्त संशोधनावरच समाधान मानावे, जनुके आणि रोबो मोठ्यांसाठी ठेवावेत, असा अर्थ निघत नाही का? याचे उत्तर नडियादमध्ये आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या या शहरात १९७८ मध्ये मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल सुरू झाले. डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी तिथून २०११ मध्ये ‘मायक्रोपर्क’ ही अत्यंत बारीक नळीतून खडा काढण्याची पद्धत जगापुढे मांडली. नडियादला ते जमले ते शहर मोठे म्हणून नव्हे. एका संस्थेने एकाच विषयावर दशकानुदशके काम केले, शिकवणे आणि नोंद ठेवणे सोडले नाही, म्हणून जमले. तंत्राचे संशोधनही शेवटी याच पायावर उभे राहते, कारण नवी पद्धत जुनीपेक्षा बरी की नाही, हे ठरवायला जुन्या रुग्णांचे पुढे काय झाले ते माहीत असावे लागते.

उलट ज्या पायावर आपण आज उभे आहोत तो पाहा. समिरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या काळातल्या भारतीय वैद्यकीय संस्थांच्या संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ५७९ संस्थांपैकी ३३२ संस्थांतून त्या दहा वर्षांत एकही शोधनिबंध आला नव्हता. अवघ्या २५ संस्था वर्षाला शंभरहून अधिक निबंध देत होत्या, आणि देशातल्या एकूण संशोधनाचा ४० टक्के वाटा त्यांचाच होता. संशोधन वाढावे म्हणून नियामकांनी उपाय काढला तो बढतीसाठी निबंध सक्तीचे करण्याचा. निबंध वाढले, त्याबरोबर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदाही वाढला. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितो, तेव्हा साठ रुग्णांत या पद्धतीची त्या पद्धतीशी तुलना करतो, पदवी मिळाली की प्रबंध कपाटात जातो. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी दुसऱ्या साठ रुग्णांवर जवळजवळ तेच काम नव्याने सुरू करतो.

याऐवजी प्रबंधांची साखळी का असू नये? पहिल्या विद्यार्थ्याने पाचशे खड्यांच्या रुग्णांची पक्की नोंद तयार करावी: खडा कशाचा, पाणी कुठले, काम काय, जेवण काय. दुसऱ्याने त्याच रुग्णांना वर्षभराने भेटावे, तिसऱ्याने आणखी पुढे. साधारण निम्म्या रुग्णांना दहा वर्षांत पुन्हा खडा होतो, असे जगभरचे अनुभव सांगतात. आपल्याकडे तो कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, हे पाच-सात प्रबंधांच्या साखळीतून कळेल. एम.बी.बी.एस.चे विद्यार्थी आयसीएमआरच्या १९७९ पासून चालू असलेल्या अल्पकालीन विद्यार्थी योजनेतून दोन महिन्यांचा एखादा तुकडा घेऊ शकतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याचे प्रत्येक ऑपरेशन बिलासाठी नोंदले जातेच. त्याच वेळी चार प्रश्न अधिक विचारले तर बिलाचा कागद विज्ञानाचा कागद होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ची परंपरा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे फोन करून रुग्णांची विचारपूस करणारे, तक्ते भरणारे विद्यार्थी मिळायला अडचण पडू नये. पैसे? साखर कारखाने आणि दूध संघ दरवर्षी शिबिरे, सत्कार आणि फलकांवर जे उधळतात त्यातला छोटासा भाग पुरे होईल. सहकारातून साखर निघाली, दूध निघाले, महाविद्यालये निघाली, तर आजाराची नोंदवही निघू नये असे काही नाही.

यापुढे युरॉलॉजी विभागाची तपासणी करायला येणाऱ्या समितीने निबंधांची संख्या बाजूला ठेवावी आणि एवढेच विचारावे: गेल्या पाच वर्षांत तुमच्या कामामुळे या जिल्ह्यात दिला जाणारा कोणता सल्ला बदलला? ‘दूध बंद करा’ म्हणणे थांबले का, की आमच्या जेवणात ते खरेच बंद करायला हवे हे तुम्ही सिद्ध केले? विसरलेले स्टेंट किती होते आणि आता किती आहेत? गलाईवाल्याला, फवारणी करणाऱ्याला, ऊसतोड करणाऱ्या बाईला तुम्ही आज असे काय सांगता, जे पाच वर्षांपूर्वी तुम्हालाच ठाऊक नव्हते? या प्रश्नांना उत्तर नसेल, तरी चांगली ऑपरेशने करणारा विभाग म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. फक्त दारावरच्या पाटीवरून ‘संशोधन केंद्र’ हे दोन शब्द तेवढे उतरवावेत.